ओन्लीची जागा

माझी मावशी डोळ्यांच्या एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसली. कागदोपत्री ती कंपाउंडर. पेशंट मात्र तिला थेंबाताई म्हणत, कारण त्या खिडकीतून जे काही बाहेर येई त्यात दहापैकी आठ वेळा थेंबांची बाटली असे. हे नाव इतकं रुळलं होतं, की रस्त्यात तिच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर ती वळूनही बघत नसे.

खिडकी हातभर रुंद. काचेला खाली अर्धगोल भोक, त्यातून बाटली बाहेर सरकवायची. आत उंच स्टूल, पाय टेकायला औषधांचं रिकामं खोकं, मागे भिंतभर लाकडी कप्पे आणि कोपऱ्यात एक छोटा फ्रीज. त्याचं दार नीट बसत नसे, म्हणून मावशी त्याला गुडघ्याने एक धक्का द्यायची. हा धक्का तिच्या इतका अंगवळणी पडला होता की घरच्या फ्रीजलाही ती तसाच द्यायची, आणि आमचा धडधाकट फ्रीज बिचारा भिंतीवर आपटायचा.

लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "राहून गेलं." जणू बाजारातून हळद आणायची राहून गेली. मला शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली ती तिच्याच शहरात, तेव्हापासून मी तिच्याकडे राहत होते. त्यामुळे पुढे जे झालं ते मी जवळून पाहिलं.

तिची एक पद्धत होती. बाटली ती लगेच हातात देत नसे. आधी स्वतः सांगे, मग म्हणे, "आता तुम्ही मला सांगा."

"कोणत्या डोळ्यात?"

"ह्या."

"ह्या म्हणजे? बोट नको, तोंडाने सांगा."

"उजव्या."

"किती थेंब?"

"दोन."

"एक!" आणि बाटली परत आत. पुन्हा पहिल्यापासून. एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "बाई, मी वकील आहे." मावशी म्हणाली, "मग तुम्ही दोनदा सांगा."

बाटलीवर ती चिकटपट्टी लावून मराठीत लिहायची. अक्षर मोत्यासारखं, आणि महत्त्वाचा 'च' लाल शाईने. रात्रीच. डाव्याच डोळ्यात. जेवणानंतरच. बाकी सगळं निळं आणि मधे एक लाल च, कपाळावर टिकली असावी तसा.

इंग्रजीशी मात्र तिचा छत्तीसचा आकडा. हे मी अलंकारिक म्हणत नाही. शालान्त परीक्षेत इंग्रजीने तिला दोनदा आपटलं आणि तिसऱ्यांदा ती पास झाली ती बरोबर छत्तीस गुणांनी.

थोरले डॉक्टर थकले आणि त्यांची मुलगी दवाखाना पाहू लागली. ही डॉक्टरबाई लहान असताना शाळा सुटल्यावर मावशीच्या स्टुलाशेजारी बसून खडू खायची. आता ती हुशार, कामसू आणि सतत घाईत असलेली बाई झाली होती. शहरात चार भाषांची माणसं राहायला आली होती, रांग जिन्यापर्यंत जायची. तिने मावशीपुढे एक लेबल छापायचं यंत्र ठेवलं.

"ताई, निम्म्या लोकांना मराठी वाचता येत नाही. आता लेबलं इंग्रजीत. आणि लेबलवर सगळं असतंच, तर ते घोकून घेणं बंद करू या. एकेका माणसाला पाच-पाच मिनिटं जातात."

मावशी त्रेपन्न वर्षांची होती. आठ दिवस तिला नीट जेवण गेलं नाही. पण मागे हटणारी बाई नव्हेच ती. दोन बोटांनी टाइप करायला शिकली. माझ्याकडून शब्दांची स्पेलिंगं घेऊन गेली. महिन्याभरात तिला त्या यंत्राचा लळा लागला. घरी चहाच्या डब्यावर एक लेबल आलं, 'टी. यूज डेली.' नंतर मिठावर, नंतर माझ्या कपाटावर, 'कीप क्लोज्ड'. डॉक्टरबाई चिठ्ठीवर तुटक लिहायच्या, तीन-चार अक्षरांत. मावशीला ते बरं वाटेना. छत्तीस गुणवाली बाई आता पूर्ण वाक्य करू शकत होती. ती ते करणारच. चिठ्ठीवरच्या तुकड्यांची ती ऐटीत वाक्यं करू लागली.

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक टेलरमास्तर होते. सत्तरीचे, सडसडीत, गळ्यात सदैव टेप. त्यांना सहा वर्षांपासून काचबिंदू होता. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने खाल्ली जाते. दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच तो वाईट. दाब आटोक्यात राहावा म्हणून मास्तर रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालायचे. सहा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

त्यांचा डावा डोळा कोरडा पडून चुरचुरायला लागला. डॉक्टरबाईंनी ओलाव्याचे वेगळे थेंब दिले. ते घातले की दोन तास अंधूक दिसतं, म्हणून दिवसा घालायचे नव्हते. चिठ्ठीवर लिहिलं: डावा डोळा, रात्रीच. अर्थात इंग्रजीत, आणि तुटक.

मावशीने वाक्य केलं: 'यूज ओन्ली दीज ड्रॉप्स इन लेफ्ट आय अ‍ॅट नाइट.' छापलं, चिकटवलं, बाटली भोकातून बाहेर सरकवली. घोकून घेणं बंद होतं. मागे तीस माणसं उभी होती.

मास्तरांना इंग्रजी चांगलं वाचता येई, आणि लिहिलेल्या शब्दाला ते फार मानत. आयुष्यभर मापाच्या वहीत जे लिहिलं तेच कापलं, असा माणूस. त्यांनी घरी चष्मा लावून वाचलं: रात्री डाव्या डोळ्यात फक्त हेच थेंब घालावेत. म्हणजे जुने डाव्यात बंद. उजव्यात चालू. त्यांना जरा चमत्कारिक वाटलं. दुसऱ्या दिवशी विचारायला ते खिडकीपर्यंत आलेही होते. पण रांग बघून परत फिरले. मावशीने त्यांना पाहिलं होतं. हात वर करून हसली होती.

सहा आठवड्यांनी ते तपासणीला आले. उजव्या डोळ्याचा दाब ठीक. डाव्याचा जवळजवळ दुप्पट. डॉक्टरबाईंनी पुन्हा मोजला. मग नजरेच्या कडा तपासणाऱ्या यंत्रावर बसवलं. डावीकडचा एक तुकडा, सहा महिन्यांपूर्वी होता तो, आता नव्हता.

"मास्तर, रात्रीचे थेंब बंद केलेत?"

"डाव्यातले केले. तुम्हीच लिहून दिलंत ना." त्यांनी खिशातून बाटली काढली.

डॉक्टरबाईंनी लेबल तीनदा वाचलं आणि मावशीला आत बोलावलं. मावशीने वाचून निर्मळपणे सांगितलं, "बरोबर आहे की. रात्रीच घालायचे."

"ताई, हे 'रात्रीच' झालं नाही. हे 'हेच थेंब' झालं."

मावशी मला नंतर म्हणाली, "ऐकलं आणि कानात नुसता फ्रीजचा आवाज येत राहिला."

मास्तर म्हणाले, "चूक माझीही आहे. विचारायला हवं होतं मी."

त्यांची सून मात्र असं म्हणाली नाही. ती संध्याकाळी कामावरून थेट आली आणि भरल्या रांगेसमोर खिडकीशी उभी राहिली. "माझ्या सासऱ्यांचं सगळं आयुष्य डोळ्यांवर उभं आहे. तुमच्या एका शब्दापायी त्यांची नजर गेली. येत नाही तर लिहिता कशाला?"

मावशी स्टुलावरून उतरून उभी राहिली. "माझंच चुकलं," म्हणाली. कारण सांगितलं नाही, कुणावर ढकललं नाही. सून आणखी बरंच बोलणार होती. पण समोरून काहीच येईना, तेव्हा तिलाच रडू कोसळलं.

रात्री जेवणाआधी मावशीने राजीनामा लिहिला. मराठीत, मोत्याच्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी तो वाचला आणि घडी घालून परत दिला.

"हा मी घेणार नाही. बोलणं बंद करा म्हणून मीच सांगितलं होतं."

"तू सांगितलंस, पण वाक्य मी केलं," मावशी म्हणाली. गेली दोन वर्षं ती तिला कटाक्षाने 'अहो डॉक्टरबाई' म्हणत होती. तो अहो-जाहोचा मुखवटा त्या दिवशी गळून पडला, तो कायमचाच.

घरी येऊन तिने जेवणाच्या टेबलावर ते लेबल ठेवलं. "हा शब्द मला शिकव."

"अगं, तुला येतो की तो. ओन्ली म्हणजे फक्त."

"तेच तर. अर्थ मला ठाऊक होता. मग चुकलं काय?"

"जागा."

मी वाक्याचे कात्रीने तुकडे केले. दीज ड्रॉप्स एक, इन लेफ्ट आय दुसरा, अ‍ॅट नाइट तिसरा. ओन्ली वेगळा कापला आणि तिच्या हातात दिला. "ठेव पहिल्याच्या आधी. काय झालं? हेच थेंब. आता दुसऱ्याच्या आधी ठेव. डाव्याच डोळ्यात, उजव्यात नको. आता तिसऱ्याच्या आधी."

"रात्रीच," ती म्हणाली. आणि बराच वेळ ओन्लीचा तो कपटा इकडून तिकडे सरकवत बसली.

"आपला च कसा शब्दाला चिकटून बसतो," मी म्हटलं. "रात्रीच म्हटलं की च रात्रीचा झाला. वाक्य उलटंपालटं कर, तो रात्रीबरोबरच जाणार. ओन्लीला चिकटता येत नाही. तो सुटा उभा राहतो आणि बहुतेक वेळा पुढे जो असेल त्याचा हात धरतो."

"आणि मी त्याला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. मला वाटलं, महत्त्वाचा शब्द आहे, आधी घालावा." मग तिने विचारलं, "सगळे इंग्रजीवाले त्याला बरोबर जागेवर बसवतात?"

शिक्षिका असले तरी मला खोटं बोलवेना. "नाही गं. बोलताना सगळे तो क्रियापदाआधी कुठेतरी टाकतात. 'आय ओन्ली सॉ हर यस्टरडे.' कालच पाहिलं, नुसतं पाहिलं, फक्त तिलाच पाहिलं, काहीही होऊ शकतं. ज्या शब्दावर आवाज चढवतील त्याचा तो."

"आवाजावर भागवतात म्हणजे."

"हो."

"बाटलीला कुठला आवाज?"

तिने पुढचा प्रश्न काढला. "मग मी फोनवर 'आय अ‍ॅम हिअर ओन्ली' म्हणते ते?"

"ते आपलं 'मी इथेच आहे'. च चा केलेला ओन्ली. आपल्या लोकांत चालतं. पुस्तकात चालत नाही."

"चालतं त्याची यादी कर आणि चालत नाही त्याची वेगळी." त्या आठवड्यात मी दिवसा पोरांना आणि संध्याकाळी मावशीला शिकवत होते. पोरं बरी. घंटा झाली की सोडून देतात.

मास्तरांच्या डोळ्याचा दाब खाली आणायला डॉक्टरबाईंनी तीन आठवड्यांसाठी आणखी एक औषध दिलं, दिवसातून तीनदा. सकाळी आणि संध्याकाळी घरचे घालत. दुपारी सून कामावर, आणि मास्तरांना स्वतःच्या हाताने आडवं पडल्याशिवाय घालता येत नसे. दुकानात बसून घातला की थेंब गालावर. मावशी पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुकानात जाऊन उभी राहिली.

"मी काय लहान आहे का, बाई?" मास्तर म्हणाले.

"नाही. पण मला घालू द्या."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, टेप गळ्यातून काढून ठेवला आणि मान मागे टाकली.

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. दाराशी मशीन, मधे कापायचं टेबल, त्याच्या कडा हात फिरून फिरून गुळगुळीत झालेल्या. भिंतीवर खिळ्यांना कागदी साचे, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं माप. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं असे. ती पाच मिनिटं दोघांना आधी फार जड गेली. मग मास्तर बोलू लागले. मावशी डबा तिथेच खाऊ लागली. पाच मिनिटांची पंचवीस झाली.

एका दुपारी तिने त्यांना ओन्लीचं सगळं गणित सांगितलं, कपटे नसल्यामुळे कापडाचे तुकडे मांडून. आमचा च कसा भला, चिकटून राहतो, चुकूच देत नाही, वगैरे.

मास्तर डोळे मिटूनच हसले. "मी पंचविशीत होतो, बाई. एक गिऱ्हाईक कोट घेऊन आलं. हात मोडून बसला होता, डावा जरा आखूड झालेला. म्हणाला, मास्तर, डावीच बाही अर्धा इंच वर घ्या. डावीच. मी वहीत लिहिलं, बाही अर्धा इंच वर. आणि दोन्ही कापल्या."

"मग?"

"मग काय, उसवून खाली घेण्याइतकं कापड नव्हतं. नवा कोट शिवून दिला. च कानावर आला होता माझ्या. मनात उतरला नाही. तुमचा च तेवढा भला नाही, ऐकणाऱ्याचं ध्यान नसेल तर तोही हातातून निसटतो."

मावशीने घास खाली ठेवला. त्या दिवशी ती प्रथमच त्यांच्यासमोर रडली, आणि मास्तरांनी अस्तराचा एक मऊ तुकडा चाचपून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवसापासून तिने लेबलांचं काम हातात घेतलं. यंत्रात साठवलेली तिची वाक्यं होती एकशे बारा. त्यांतल्या एकोणतीसमध्ये ओन्ली होता. मला वाटलं ती प्रत्येकाला योग्य जागी बसवेल. आता तिला ते सहज येत होतं. तिने एकोणतीसच्या एकोणतीस ठिकाणांहून तो हाकलून दिला. मास्तरांच्या बाटलीचं नवं लेबल तिने असं केलं: डावा डोळा, हो. उजवा डोळा, नाही. रात्री, हो. दिवसा, नाही. जुने थेंब, चालू ठेवा. इंग्रजीत, एकाखाली एक, मोठ्या अक्षरात.

डॉक्टरबाईंनी ते पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, हे बालवाडीसारखं दिसतंय."

"दिसू दे. शब्द शहाणा असेल, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला मी प्रत्येकाच्या घरी जाऊ शकत नाही. आणि आजपासून मी पुन्हा बोलणार आहे. पाच मिनिटं तर पाच मिनिटं."

"रांग रस्त्यावर जाईल."

"मग बाहेर बाकं टाक."

बाकं आली. चार. ज्यांची भाषा येत नाही अशा पेशंटांना काय विचारायचं, हे मावशीने त्यांच्याच नातेवाइकांकडून शिकून घेतलं: डावा, उजवा, एक, दोन, सकाळ, रात्र. सहा-सहा शब्द, चार भाषांत. उच्चार असे की ऐकणारे हसत. पण हसत हसत बरोबर उत्तर देत. एका पेशंटाने बाकावरून ओरडून विचारलं, "काय चाललंय आत, शाळा आहे का?" तपासणीला आलेले मास्तर शेजारीच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "हो. आणि मी नापास होऊन आलोय, तेव्हा बसा जरा."

मास्तरांचा दाब उतरला. गेलेला तुकडा परत आला नाही. काचबिंदूत तो येत नाही. डावीकडून कुणी आलं की त्यांना आवाज आल्याशिवाय कळत नसे. म्हणून सून दुकानात शिरताना दारातूनच "मी आलेय हो" म्हणायची. मावशीशी ती वर्षभर तुटक वागली. मग एक दिवस स्वतःच्या आईची चिठ्ठी घेऊन खिडकीशी आली आणि म्हणाली, "हिला नीट समजावून सांगा. तुम्हीच सांगा, बाकी कुणाचं ती ऐकत नाही." मावशीने समजावलं. सून गेल्यावर मावशी मागच्या कप्प्यांकडे तोंड करून उगाचच बाटल्या लावत बसली, असं डॉक्टरबाईंनी मला सांगितलं.

निवृत्त होऊन तिला आता पाच वर्षं झाली. दवाखान्यातली तिच्या जागेवरची मुलगी अजून फोन करते, आणि मावशी हातातलं काम टाकून तिच्याशी बोलते. मास्तरांनी मशीन चालवणं सोडलंय, कापतात मात्र अजून. दुकानात आता मशीनवर मावशी बसते. हौस म्हणून, तीही आठवड्यातून दोनदाच. मास्तर खडूने आखून देतात, ती शिवते, आणि मग दोघं तासभर भांडतात की चूक आखण्यात होती की शिवण्यात.

गेल्या आठवड्यात तिने माझ्यासाठी एक शर्ट शिवला. कापड छान, निळं, बारीक रेघांचं. काजं सुंदर झालीत. उजवा खांदा मात्र चांगला बोटभर उतरलाय. मी तो घालून शाळेत गेले. शिक्षकांच्या खोलीत एक बाई म्हणाल्या, "अय्या, ही नवी फॅशन का?"

"हो," मी म्हटलं, आणि दिवसभर उजवा खांदा जरा वर उचलून फिरले.